कचऱ्यातून धंदा: आधी गिऱ्हाईक पक्कं करा, मग मशीन घ्या

मागच्या अंकात आम्ही वाचकांना सांगितलं होतं की टाकाऊ मालातून धंदा उभा करायचा विचार असेल, किंवा चालू धंद्यात जे उरतं त्याचं काय करावं हे कळत नसेल, तर बिनधास्त विचारा. पत्रं, मेल, व्हॉट्सअॅप मिळून इतके प्रश्न आले की सगळे घेणं शक्य नाही, म्हणून त्यातले नागपूर-विदर्भाच्या जवळचे निवडलेत. जवळपास प्रत्येकाने एकच विचारलंय, मशीन कुठली घेऊ आणि सबसिडी किती मिळते. मी मात्र सगळ्यांना आधी हे विचारणार आहे की माल घेणार कोण आणि त्याला तो कसा पाहिजे. राग मानू नका, पण या धंद्यात लोक बुडतात ते इथंच बुडतात.

"काटोलजवळ आमची संत्र्याची बाग आहे, दोन मित्रांसोबत ज्यूस न पल्पचं छोटं युनिट टाकून राहिलो. साल भरपूर निघणार. यूट्यूबवर पाहिलं की सालीपासून तेल, पेक्टिन (जॅम घट्ट करणारा पदार्थ), पावडर, कापड सगळंच बनते. आम्ही काय बनवावं?" (काटोल)

भाऊ, यूट्यूबवरचं खोटं नाही. संत्र्याच्या सालीतल्या तेलात नव्वद टक्क्यांच्या वर लिमोनीन, म्हणजे संत्र्याचा वास देणारं रसायन, असतं आणि ते सेंटवाल्यांपासून क्लीनिंग लिक्विडवाल्यांपर्यंत सगळ्यांना लागतं. इटलीत कॅटानियाला २०१४ मध्ये सुरू झालेल्या ऑरेंज फायबर कंपनीने रस काढल्यावर उरलेल्या चोथ्यातून सेल्युलोज काढून कापड बनवलं, २०१७ मध्ये फेरागामोसारख्या महागड्या ब्रँडने ते वापरलंसुद्धा. ब्राझील न फ्लोरिडातले ज्यूसचे कारखाने तर कित्येक वर्षांपासून साल फेकत नाहीत, सालीत चुना मिसळला की ती पाणी सोडते, मग दाबायची, वाळवायची आणि गुरांच्या खाद्याच्या गोळ्या करायच्या, तेल वाटेतच काढून घ्यायचं.

पण त्यांच्याकडे रोज ट्रकांच्या ट्रक साल पडते आणि महिनोन् महिने पडते. तुमच्याकडे आंबिया बहाराचा माल साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगाचा फेब्रुवारी ते एप्रिल, मधे मशीन झाकून ठेवायची आणि बँकेचा हप्ता मात्र बाराही महिने. त्यात रस काढल्यावर फळाचं जवळपास निम्मं वजन साल, चोथा, बिया म्हणून उरतं आणि त्या ओल्या मालात पाऊण हिस्सा नुसतं पाणी असतं. ती साल टेम्पोत भरून बुटीबोरीला नेली तर डिझेल पाण्यापायी जळालं समजा, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात रात्रभर ढीग पडून राहिला की सकाळी त्याला आंबूस वास सुटतो, मग कोणी हात लावत नाही.

म्हणून पेक्टिनचं नाव आत्ता काढू नका, त्याला अॅसिड लागतं, अल्कोहोल लागतं, ते परत मिळवायचा प्लांट लागतो, ते छोट्या युनिटचं काम नव्हे. तुमच्या हातात जी खरी ताकद आहे ती वेगळीच आहे. आपला नागपुरी संत्रा सैल सालीचा, हाताने सोलला जातो, मोसंबीसारखा आख्खा पिळावा लागत नाही. म्हणजे रस काढायच्या आधीच साल कोरडी, स्वच्छ, चोथ्यापासून अलग मिळू शकते, आणि अलग मिळालेल्या मालालाच भाव असतो. सोलायच्या टेबलावर दोन क्रेट ठेवा, एकात साल आणि दुसऱ्यात नासकी, डागी, काळी पडलेली. एकदा मिसळली की कोणताही माणूस पगार देऊन ती परत वेगळी करून देणार नाही.

पहिली दोन वर्षं फक्त वाळवलेली साल विका असं माझं स्पष्ट मत आहे. उटणं, फेसपॅक, हर्बल पावडरवाले ती घेतात. त्यांच्याकडे सॅम्पल घेऊन जा आणि तीन गोष्टी विचारा, ओलावा किती टक्क्यांपर्यंत चालतो, तुकडा केवढा पाहिजे, आणि औषधाच्या अंशाचा लॅब रिपोर्ट लागतो का. हा तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण आपण बागेत जी फवारणी करतो ती आधी सालीवरच बसते. बाजारातून संत्री आणून सालीची पावडर करणाऱ्याला हे सांगताच येत नाही की कोणतं औषध कधी मारलं होतं, तुमची स्वतःची बाग आहे, तुमच्याकडे फवारणीची वही आहे (नसेल तर आजपासून ठेवा), आणि ती वही तुमच्या ड्रायरपेक्षा जास्त किमतीची आहे. तेल काढायची वाफेची छोटी भट्टी तिसऱ्या वर्षी बघू, ती घेतलीच तर उरलेल्या महिन्यांत तिच्यावर दुसरं काय चालेल हे आधी ठरवून घ्या, ड्रायरवर हळद, अद्रक, शेवग्याचा पाला चालतो, मग हप्ता निघतो.

आणि एक राहिलं, आपल्या संत्र्याचा रस ठेवला की कडवट होतो हे तुम्हाला माहीतच असेल, त्यासाठी ज्यूसची मशीन घ्यायच्या आधी अमरावती रोडच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत जाऊन या. साल विकून कमावलेलं रसात घालवू नका.

"आमची शेतकरी कंपनी आहे. पऱ्हाटी (कापूस वेचल्यावर उरलेलं वाळकं झाड) लोक धुऱ्यावर पेटवून देतात. पेलेटची (भुगा दाबून केलेल्या जळणाच्या छोट्या कांड्यांची) मशीन घ्यावी असं संचालक मंडळाचं म्हणणं आहे. फायद्यात राहील का?" (हिंगणघाट)

कापसाचा धंदा तसा जुन्या काळापासून काहीच वाया न घालवणारा आहे. एक क्विंटल कापूस जिनिंगला गेला की ३३-३५ किलो रुई निघते आणि साठ किलोच्या वर सरकी, त्या सरकीचं तेल निघतं, ढेप गाई-म्हशींना जाते, सरकीवरचा बारीक तंतूसुद्धा विकला जातो. राहते फक्त पऱ्हाटी, हेक्टरी दोन-तीन टन, आणि ती आपण पेटवून देतो.

गिऱ्हाईक आहे, आणि चांगलं आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या धोरणाने कोळशावरच्या वीज केंद्रांना कोळशासोबत काही टक्के बायोमासच्या, म्हणजे शेतातल्या काडीकचऱ्याच्या, पेलेट जाळणं बंधनकारक केलंय, आणि आपल्या उशाला कोराडी न खापरखेडा आहेत. पण मोठ्या केंद्राची मागणी म्हणजे टेंडर, अनामत, ठरलेली उष्णता, ठरलेला ओलावा, ठरलेली राख, आणि पैसे यायला वेळ लागतो तेवढा काळ घरचं भांडवल अडकून पडतं. हे सगळं झेपत नसेल तर हिंगणा-बुटीबोरीतल्या बॉयलरवाल्यांकडे आधी जा. त्यांच्यापैकी बरेच जण ब्रिकेट, म्हणजे भुगा दाबून केलेले जाड ठोकळे, जाळतात, ब्रिकेटची मशीन पेलेटच्या मानाने कमी नखरे करते, माल थोडा जाडाभरडा असला तरी चालून जाते, आणि बॉयलरवाला मालक समोर बसून भाव ठरवतो.

आता खरी अडचण सांगतो. पऱ्हाटी हलकी, फुगीर. ट्रॉली वरपर्यंत भरते पण वजन भरत नाही, त्यामुळे दहा-पंधरा किलोमीटरच्या पलीकडून आणली की भाडंच माल खाऊन टाकतं. म्हणून तुमची पहिली खरेदी शेतात नेता येईल असं श्रेडर असावी, पेलेटची मशीन नंतर. ट्रॅक्टरमागे लावायचं, शेतातच भुगा करायचा, मग ट्रॉलीत वजन बसतं. मुळासकट उपटली असेल तर मुळाची काळी माती झटकूनच मशीनला द्या, ती माती शेवटी राख म्हणून निघते आणि राख जास्त लागली की गाडी गेटवरून परत येते.

शेतकऱ्याला भावाशिवाय दुसरं एक कारण द्या, ते जास्त पटेल. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही ठेवलेलं कापसाचं पीक, न घेता वेळेवर पऱ्हाटी शेतातून निघाली तर गुलाबी बोंडअळीचा मुक्काम मोडतो, कृषी विभाग हेच दरवर्षी सांगून राहिला. तुमची गाडी जर वेळेवर येऊन रान मोकळं करून देत असेल तर शेतकरी चार पैसे कमी घेऊनही पऱ्हाटी देईल. तरी माझी एक विनंती आहे, ज्या घरांत अजून पऱ्हाटीवर चूल पेटते त्यांच्या वाट्याची पऱ्हाटी ठरावात लिहून बाजूला ठेवा, नाहीतर कंपनीच्या नफ्यासाठी गावातल्या बायांना सरपणाला लांब जावं लागेल. मशीनबद्दल वाडीच्या जिनिंग प्रशिक्षण केंद्रात चौकशी करा, मुंबईच्या सिरकॉट या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं ते केंद्र आहे आणि पऱ्हाटीच्या ब्रिकेट-पेलेटवर त्यांनी बरंच काम केलंय.

"वाडीत बाबांचं टायर रिमोल्डिंगचं दुकान आहे. मी एमबीए करून परत आलो. विदेशात टायर विकत नाहीत, किलोमीटरवर पैसे घेतात असं वाचलं. आपल्याकडे चालेल का?" (वाडी)

या महिन्यातला मला सगळ्यात आवडलेला प्रश्न. कचऱ्याचा धंदा म्हटलं की लोकांना वितळवणं, दळणं, जाळणं आठवतं, पण वस्तूचा आकार जितका शाबूत राहील तितके पैसे जास्त. जुना ट्रकचा टायर भट्टीत तापवून तेल काढलं तर कवडी मिळते, त्याचा भुगा केला तर थोडं जास्त, आणि नुसती वरची घासलेली नक्षी बदलून परत रस्त्यावर पाठवला तर जवळपास अख्खा टायर वाचतो, कारण टायरचा बहुतेक खर्च त्याच्या सांगाड्यात, म्हणजे केसिंगच्या तारेत न कापडात आहे, झिजतो तो फक्त वरचा थर. तुमचे बाबा इतकी वर्षं हेच करून राहिलेत, त्याला आता नवीन नाव मिळालं एवढंच.

मिशेलिनने ट्रकच्या मोठ्या ताफ्यांना किलोमीटरवर बिल लावायला सुरुवात केली त्यामागचं गणित बघा. टायर विकला की कंपनीचा फायदा टायर लवकर झिजण्यात असतो, पण टायर कंपनीच्याच मालकीचा राहिला आणि ट्रकवाला किलोमीटरचे पैसे देत राहिला तर कंपनीच हवा तपासायला माणूस पाठवते, वेळेवर रिमोल्ड करते, दोघांचा फायदा एकाच बाजूला येतो. कॅटरपिलरचं बघा, १९७३ पासून जुनं इंजिन, पंप परत घेऊन नव्यासारखे करून विकतात, नवा पार्ट घेताना गिऱ्हाईक जुन्याची अनामत भरतं आणि जुना जमा केला की ती परत मिळते. त्यामुळे जुना माल भंगारात न जाता आपोआप कारखान्यात चालत येतो. आपल्या घरच्या गॅस सिलेंडरचंही तेच आहे, टाकी कंपनीची, आपण फक्त गॅसचे पैसे देतो.

हिशोब असा मांडा, आकडे फक्त समजण्यासाठी धरलेत. समजा नवा टायर २०,००० चा आणि ८०,००० किलोमीटर चालला, तर किलोमीटरला २५ पैसे पडले. रिमोल्ड ६,००० त झाला आणि ५०,००० चालला तर १२ पैसे. मधे जी १३ पैशांची जागा आहे त्यात तुमचा नफा, फुटलेल्या टायरचं नुकसान, हवा तपासणाऱ्या पोराचा पगार आणि ट्रकवाल्याची बचत हे सगळं बसवायचं. बसतं, पण एका अटीवर, केसिंग वेळेत तुमच्या हातात आलं पाहिजे.

तुमच्या दुकानातच बघा ना. टायर आला की जुना कारागीर आधी बाहेरून बघत नाही, तो स्टँडवर टायर चढवून दोन पाते उघडतो आणि आतून तळहात फिरवत जातो, कुठे फुगवटा लागतो का, खिळ्याचं भोक किती तिरपं गेलंय, तार गंजलीय का. त्यातच निम्मा निर्णय होतो. मग बफिंग, मग खड्डे भरणं, सोल्यूशन, वरून तयार नक्षीची पट्टी, मग पाकिटात घालून चेंबरमध्ये. यात जिथं माल नापास होतो ते बहुतेक एकाच कारणाने, ट्रकवाल्याने शेवटची तार दिसेपर्यंत टायर पळवला. किलोमीटरच्या करारात टायर कधी उतरवायचा हे तुम्ही ठरवता, त्यामुळे केसिंग वाचतं आणि तोच टायर दुसऱ्यांदा, कधी तिसऱ्यांदा चेंबरमध्ये जातो. तुमचा खरा नफा या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत आहे.

सगळ्यांना ही स्कीम देऊ नका. ओव्हरलोड चालणारे, गिट्टी-रेतीवाले, रोज ड्रायव्हर बदलणारे सोडून द्या. ठरलेल्या रूटवर चालणारा एक दहा-बारा गाड्यांचा मालक शोधा, दूध, औषधं, पार्सल असला माल वाहणारा, त्याच्या प्रत्येक टायरवर नंबर टाका आणि एक वर्ष वही ठेवा. एमबीएच्या प्रेझेंटेशनपेक्षा ती वही बँकेला जास्त पटेल. आणि बाबांच्या त्या जुन्या कारागिराला भागीदारीत घ्या, मनापासून सांगतो, या धंद्यातलं सगळ्यात दुर्मिळ सामान त्याचा तळहात आहे.

"आमच्या बचत गटाला मंदिरातल्या निर्माल्याची अगरबत्ती करायची आहे. टेकडी गणपतीला, कोराडीच्या देवीला किती फुलं निघतात! सुरुवात कशी करावी?" (नंदनवन)

ताई, कल्पना चांगली आहे आणि झालेली आहे. कानपूरच्या फूल कंपनीने २०१७ पासून देवळातली फुलं गोळा करून अगरबत्ती न धूप बनवला, बायकांना काम दिलं, पुढे फुलांपासून चामड्यासारखं मटेरियल काढण्यापर्यंत पोचले. पण त्यांनी विकली ती चांगल्या बॉक्समधली महागडी अगरबत्ती, किलोवर विकली जाणारी काळी काडी नाही. त्या काळ्या काडीच्या भावाशी तुम्ही मशीनवाल्यांना हरवू शकणार नाही, त्या वाटेने जाऊच नका.

दहा किलो ओला झेंडू वाळला की किलो-दीड किलो उरतो. त्यात हारांचा दोरा, प्लॅस्टिकची जर, दुर्वा, नारळाची शेंडी, कुंकू, उदबत्तीची राख सगळं मिसळलेलं येतं, आणि निवडायला बसलात की दिवस जातो. म्हणून पहिलं काम देवळाच्या आवारात आहे, निर्माल्याचे दोन वेगळे डबे ठेवायची परवानगी विश्वस्तांकडून लेखी घ्या, एकात सुटी फुलं-पाकळ्या आणि दुसऱ्यात बाकी सगळं. हारवाल्यांशी बोलून प्लॅस्टिकच्या जरीऐवजी सुती दोरा सुरू करता आला तर अर्धं निवडणं वाचलं. आणि सणावाराला, नवरात्रात फुलांचा डोंगर येतो न पावसाळ्यात वाळतच नाही, तेव्हा सोलर ड्रायर किंवा पत्र्याचं शेड आधी, नाहीतर बुरशी धरते.

काडीऐवजी धूपकांडीपासून सुरुवात करा, बांबूची काडी लागत नाही आणि साचा हाताने चालतो. विकायची कुठे? जिथून फुलं आली तिथेच, देवळाच्या प्रसादाच्या काउंटरवर, "याच देवळाच्या फुलांचा धूप" म्हणून. भाविक तो भाव न करता घेतो, कारण त्याने वाहिलेलं फूल पायदळी गेलं नाही याचं त्याला बरं वाटतं, आणि ते खरंही आहे. काउंटर मिळत असेल तर पुढचं सगळं करा, नसेल तर या फुलांचं खत करा आणि अगरबत्तीचा हट्ट सोडा.

"कोराडीची राख फुकट मिळते म्हणतात. फ्लाय अॅशच्या विटांची फॅक्टरी टाकावी का?" (कामठी)

राख स्वस्त पडते पण वाहतूक पडत नाही, आणि राख-राखेत फरक असतो. चिमणीआधीच्या यंत्रात पकडलेली बारीक कोरडी राख सिमेंट कंपन्यांना पाहिजे असते, तळ्यातली ओली जाडसर राख कोणाला नको असते. तुम्हाला विटेसाठी कोरडीच बरी, तेव्हा ती वर्षभर कोणत्या अटीवर मिळेल हे कागदावर घ्या. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने वीज केंद्रांवर शंभर टक्के राख वापरायची सक्ती केलीय, त्यामुळे बोलणी करायला तुमची बाजू मजबूत आहे. हे काम व्हायलाच पाहिजे असं मला फार वाटतं, २०२२ च्या पावसाळ्यात खसाळ्याच्या राखेच्या तळ्याचा बांध फुटून राख शेतात न नाल्यात गेली ते या भागातले लोक विसरलेले नाहीत. पण नागपूरच्या आसपास विटांचे कारखाने आधीच भरपूर आहेत, तुमच्या गावापासून वीस किलोमीटरच्या आत वर्षभर वीट उचलणारे बिल्डर-ठेकेदार मिळाले तरच टाका, आणि विटेला पाणी मारून मुरवायला जागा न दिवस लागतात हे धरून चाला, ओल्या विटा घाईत विकणाऱ्यांनीच या विटेचं नाव खराब केलंय.

"कॉमर्सला आहे, प्रोजेक्टचा विषय सर्क्युलर इकॉनॉमी (वापरलेला माल परत वापरात फिरवणारी अर्थव्यवस्था) आहे. कंपन्या रिपोर्टमध्ये खूप काही लिहितात. खरं कोणतं ओळखायचं कसं? आणि नागपुरात एक तरी खरं उदाहरण आहे का?" (धरमपेठ)

नागपूरचं आधी सांगतो, कारण ते आपल्याला रोज वापरून माहीत नाही. आपल्या घरातलं सांडपाणी भांडेवाडीला जातं, तिथे २०० एमएलडीचा, म्हणजे दिवसाला वीस कोटी लिटरचा, प्लांट आहे, आणि शुद्ध केलेलं पाणी महाजेनको ही राज्याची वीजनिर्मिती कंपनी आपल्या कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांना विकत घेते. हे टिकलं याची कारणं प्रोजेक्टमध्ये लिहा. महापालिकेला सांडपाणी स्वच्छ करणं भागच आहे, वीज केंद्राला थंड करायला बाराही महिने पाणी लागतं, त्याला पिण्याइतकं शुद्ध नको, आणि पेंचचं धरणाचं पाणी तेवढं शहराला उरतं. घेणारा एक, पक्का, मोठा, आणि करार लांबचा. सांडपाण्याइतकी नकोशी वस्तू विकली जाते कारण दुसऱ्या टोकाला खरी गरज आहे.

दुसरं जवळचं उदाहरण साखर कारखान्याचं. एक टन ऊस गाळला की अडीचशे-तीनशे किलो बगॅस (चिपाड) निघतो, ४०-४५ किलो मळी, ३०-४० किलो प्रेसमड (रस गाळल्यावरचा गाळ). बगॅस जाळून कारखाना स्वतःची वाफ न वीज काढतो आणि जास्तीची विकतो, मळीपासून इथेनॉल, प्रेसमडचं खत. हे सगळं एका कुंपणाच्या आत होतं, वाहतूक नाही, निवडणं नाही, म्हणून चालतं. डेन्मार्कच्या कालुंडबोर्गमध्ये १९७२ पासून शेजारी-शेजारी कारखाने एकमेकांची वाफ, पाणी, जिप्सम घेतात, तिथेही प्रत्येक व्यवहार दोन शेजाऱ्यांनी आपापल्या फायद्यासाठी केलेला आहे, वरून कोणी योजना आखून दिली नव्हती.

फसलेलंही लिहा, त्याने प्रोजेक्टला वजन येईल. अमेरिकेत इंटरफेस ही गालिच्याची कंपनी, तिचे संस्थापक रे अँडरसन यांनी १९९५ मध्ये गालिचा विकायचा नाही, भाड्याने द्यायचा, झिजलेला तुकडा आपणच बदलायचा अशी योजना काढली. कल्पना सुंदर होती, गिऱ्हाईक फारसं आलं नाही. ऑफिसवाल्यांच्या हिशोबात गालिचा एकदाच्या भांडवली खर्चात बसायचा, दर महिन्याचं बिल म्हणून तो महाग वाटायचा. कंपनीने योजना सोडली, विचार नाही सोडला, पुढे मासेमारीच्या जुन्या जाळ्यांच्या नायलॉनपासून धागा घेऊन गालिचे विणले आणि ते चाललं.

खरं-खोटं ओळखायला रिपोर्टमध्ये हे शोध, विकलेल्या मालापैकी किती परत आला? "आमचं पॅकिंग रिसायकल होऊ शकतं" आणि "आम्ही एवढं परत घेतलं" या दोन वाक्यांत फार अंतर आहे. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यात वरच्या १,००० लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर नावाचा, कंपनीची पर्यावरणाची आणि सामाजिक जबाबदारी सांगणारा अहवाल सक्तीचा केलाय, त्यात कचरा किती निघाला, किती परत वापरला, किती जाळला हे टनांमध्ये द्यावं लागतं. एकाच धंद्यातल्या दोन कंपन्या घे, तीन वर्षांचे आकडे शेजारी-शेजारी मांड, फोटोंची पानं उलटून पुढे जा.

"इतवारीत कबाडाचं दुकान आहे, वडिलांपासून. आता ऑनलाइन पोर्टल, सर्टिफिकेट, मोठ्या कंपन्या येऊन राहिल्या. आमच्यासारख्याचं काय होईल?" (इतवारी)

तुमच्याशिवाय यातलं एकही चाक फिरत नाही, हे आधी मनात पक्कं करा. २०२२ च्या नियमांप्रमाणे प्लॅस्टिकमध्ये माल विकणाऱ्या कंपन्यांना तेवढं प्लॅस्टिक गोळा करून रिसायकल झाल्याचं दाखवावं लागतं आणि त्यासाठी त्या नोंदणी झालेल्या रिसायकलरकडून सर्टिफिकेट घेतात. कडक प्लॅस्टिकच्या पॅकिंगमध्ये २०२५-२६ पासून ३० टक्के रिसायकल केलेलं प्लॅस्टिक वापरायचं बंधन आलंय, पुढे ते वाढत जाणार. म्हणजे स्वच्छ, निवडलेल्या बाटलीची मागणी वाढणार. पण सर्टिफिकेटचे पैसे रिसायकलरला मिळतात, तुमच्यापर्यंत ते आपोआप येत नाहीत, मागावे लागतात.

मागायचे कसे, तर निवडून. पाण्याच्या बाटलीचं अंग पेट (पीईटी) प्लॅस्टिकचं, झाकण एचडी नाहीतर पीपी या दुसऱ्या प्लॅस्टिकचं, लेबल तिसरंच. धुवायच्या टाकीत पेट बुडतं न झाकणाचे तुकडे तरंगतात म्हणून तेवढं चालून जातं, पण पीव्हीसी मिसळलं तर तेही बुडतं आणि वितळताना सगळा माल पिवळा पाडतं, म्हणून रिसायकलर मिक्स मालाला भाव पाडून मागतो. तुमच्याकडे काम करणाऱ्या बाया हातात घेताच, चुरगाळून, आवाजावरून सांगतात हे काय आहे, हे कौशल्य कोणत्याही अॅपमध्ये नाही. रंगीत, पांढरं, पारदर्शक वेगळं करा, पीव्हीसी बाहेर काढा, गठ्ठा बांधा, आणि दोन-तीन दुकानदार मिळून एका नोंदणीवाल्या रिसायकलरला थेट, बिलाने, ठरलेल्या दिवशी माल द्या. रोजच्या भावावर चार पैसे जास्त आणि निवडणाऱ्या बायांच्या मजुरीत वाढ, दोन्ही गोष्टी त्याच बोलण्यात ठरवा. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांनी स्वच्छ ही सहकारी संस्था काढून महापालिकेशी करार केला आणि घरोघरी जाऊन गोळा करायचं काम हक्काने मिळवलं, ते इतवारीतही होऊ शकतं. जीएसटी नोंदणी नसेल तर पहिल्यांदा चांगला सीए गाठा, कारण मोठा रिसायकलर बिलाशिवाय माल घेणार नाही आणि तुमचं अख्खं बोलणं तिथेच अडेल.